मोजणीची फी आणि मोजणीचा खर्च

(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून लिहून दिले आहे.)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर शिक्षकाने जमिनीच्या मोजणीवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. मुलांचा अभ्यास, शिस्त, वाचनाची आवड असे विषय येथे शोभतात. पण खरी हकीकत अशी आहे की, मधल्या सुटीत मला भेटायला येणारे पालक प्रगतिपुस्तकापेक्षा सरकारी नोटीसच अधिक वेळा दाखवतात. आपल्यापैकी पुष्कळांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले आहे. मराठी बोलता येते, बाजारापुरती वाचताही येते. पण “चतुःसीमा”, “लगतचे धारक”, “वहिवाटीप्रमाणे” असे शब्द आले की माणूस बिचकतो. खरे पाहता त्या कार्यालयातले निम्मे शब्द आपल्याला घरचे वाटावेत असे आहेत. जमीन, हद्द, हिस्सा, वारस, कब्जा, नकाशा, अर्ज, महसूल, तालुका, जिल्हा हे सारे फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की आता त्यांना परके कोणी म्हणणार नाही. तरी नोटीस हातात आली की घशाला कोरड पडते ती पडतेच.

नोटीस वाचून झाली की प्रश्न ठरलेला असतो: “सर, मोजणीला खर्च किती येतो?” आज त्या एका प्रश्नाचेच उत्तर देणार आहे. ते एका आकड्यात देता येत नाही, म्हणून हे व्याख्यान.

आधी सरकारी आकडा सांगून टाकतो. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो. पूर्वी घाईनुसार साधी, तातडी, अति तातडी, अति अति तातडी असे प्रकार होते. २०२४ च्या अखेरीस ही उतरंड मोडून दोनच प्रकार ठेवण्यात आले: नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या क्षेत्राला नियमित मोजणीची फी २,००० रुपये आणि द्रुतगतीची ८,००० रुपये. पुढच्या प्रत्येक दोन हेक्टरला अनुक्रमे १,००० आणि ४,००० रुपये जादा. नियमित मोजणी ९० दिवसांत व्हावी, द्रुतगती ३० दिवसांत, असा हिशेब. नगरपालिका हद्दीत दर याहून अधिक आहेत. फी अधूनमधून बदलते, तेव्हा अर्ज भरताना चलनावर जो आकडा येईल तोच खरा धरावा.

आता या दरातील एक गोष्ट नीट पाहा. दोन हेक्टर म्हणजे जवळजवळ पाच एकर. देशावरच्या शेतकऱ्याची पाच एकरांची सलग पट्टी एका गटात असेल, तर त्याचे काम दोन हजारांत होते. आपल्या कोकणात पाच एकरांची सलग पट्टी कोणाची आहे? इथे तीन गुंठ्यांचे भाताचे खाचर एका नंबरात, चार गुंठे आंब्याची कलमे दुसऱ्या नंबरात, वरकस डोंगरावर, आणि घराखालची जागा गावठाणाला लागून. फी मात्र प्रत्येक नंबराला आणि पोटहिस्स्याला वेगळी. म्हणजे पाच तुकडे मिळून एक एकरसुद्धा भरत नाही, पण ते मोजून घ्यायचे तर दहा हजार रुपये. सलग जमीनवाल्याला एकरी चारशे आणि तुकडेवाल्याला एकरी दहा हजार! दर ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोकण नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी येथे नोंदवून पुढे जातो.

फी भरली म्हणजे खर्च संपला असे समजू नका. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या आईने गेल्या वर्षी बावीस गुंठ्यांची मोजणी करून घेतली. पती वारलेले, शेजारच्याने गडगा सरकवल्याचा संशय. मी त्या मुलाला सांगितले, “गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर सगळा खर्च लिहीत जा.” त्याने लिहिला, आणि त्याच्या आईच्या परवानगीने तो येथे सांगतो. फी २,०००. उतारे आणि जुन्या नकाशांच्या नकला १८०. तालुक्याला पाच खेपा, एस.टी. आणि रिक्षा मिळून ९००. झाडोरा आणि गवत तोडायला दोन गडी दोन दिवस, ७०० रुपये रोजाने २,८००. मोजणीच्या दिवशी साखळी-फूटपट्टी धरायला, दगड रोवायला दोन गडी, १,४००. चिरे आणि चुना ६००. सगळ्यांचा चहा आणि दुपारचे जेवण ५५०. मुलाने बेरीज केली ८,४३०. बेरीज बरोबर होती, पण एक रक्कम त्यात नव्हती. त्याची आई काजूच्या कारखान्यात रोजावर जाते. पाच खेपा आणि मोजणीचा दिवस मिळून तिचे सहा खाडे झाले. ३०० रुपयांप्रमाणे १,८००. “आईचा रोज खर्चात धरायचा असतो का सर?” असे त्याने विचारले. धरायचा असतो, बाळ. तो धरून बेरीज १०,२३० झाली. म्हणजे फीच्या पाचपट. आणि हे मोजणी पहिल्याच तारखेला झाली म्हणून. तारीख पुढे गेली असती तर तोडलेले गवत परत वाढले असते आणि २,८०० रुपये परत गेले असते.

या यादीत “चहापाणी” नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. चहा प्यायला दिला तो वर आलाच आहे. मी दुसऱ्या चहापाण्याविषयी बोलतो आहे. ते मागणारे भेटतात, आणि न मागता देणारे त्याहून जास्त भेटतात. “देऊन टाका, काम लवकर होते,” असा सल्ला देणारा प्रत्येक गावात एक तरी असतो, आणि बहुधा तो स्वतः मधला माणूस असतो. माझे म्हणणे इतकेच की, पावती नसलेला पैसा देऊन हद्द आपल्या बाजूला सरकवून घेतली, तर उद्या शेजारी दुप्पट देऊन ती परत सरकवून घेईल. मोजणीवर कोणाचे समाधान झाले नाही तर निमताना मोजणीचा अर्ज करता येतो. त्यात वरचा अधिकारी आधीची मोजणी तपासतो. त्याच्याही वर सुपर निमताना आहे. नकाशा खरा असेल तरच तो या दोन पायऱ्या चढून टिकतो.

मोजणीदार येतो म्हणजे काय करतो, हे माहीत नसल्यामुळेही लोक फसतात. तो जमीन मोजून “ही तुमची” असा निवाडा देत नाही. त्याच्याकडे जुने रेकॉर्ड असते: गावनकाशा, टिपण, फाळणी, गुणाकार बुक. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या जमिनी पहिल्याने मोजल्या, तेव्हा काढलेली मापे त्यांत आहेत. त्या वेळची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आता उताऱ्यावर हेक्टर-आर आले आणि लोक आर व गुंठा एकच समजतात; जवळजवळ एकच आहेत, पण गुंठा आरपेक्षा किंचित मोठा आहे. साखळीच्याही आधी काठी होती: वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. आणि अकबराच्या काळी दोरीने मोजत असत ती बंद करून, लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली, कारण दोरी ओली-सुकी झाली की आखडते आणि सैल पडते. दोरीचा हा गुण रयतेला आणि अंमलदाराला, दोघांनाही माहीत होता!

आज रोव्हर आहे. उपग्रहाकडून खूण घेऊन तो काही मिनिटांत बिंदू सांगतो; त्यासाठी महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रे उभारली आहेत. मात्र दाट आमराईत, फांद्यांखाली, त्याला आकाश नीट दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्र कोणतेही असो, काम एकच: जुन्या रेकॉर्डची हद्द आजच्या जमिनीवर उतरवायची आणि आजची वहिवाट तिच्याशी ताडून पाहायची. दोन्ही रेषा नकाशावर येतात. त्या नकाशाची अर्जदाराला मिळणारी प्रत म्हणजे “क” प्रत. ती जपून ठेवावी. शेजारी आत आला आहे असे त्यात दिसले, तरी मोजणीदार त्याला उठवीत नाही. तो गडगा मागे घेत नसेल तर पुढचा रस्ता न्यायालयाचा. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईच्या बाबतीत निघाले ते असे: दोनशे फूट लांबीच्या गडग्याने सुमारे तीन फूट आत घेतले होते. म्हणजे सहाशे चौरस फूट, गुंठ्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. शेजाऱ्याने नकाशा पाहिला, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचे गडी लावून गडगा मागे घेतला. सगळीकडे असे होत नाही, हे मला माहीत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शेजाऱ्याशी हद्द मोजणे त्या मानाने सोपे असते. अवघड असते ती भावंडांमधली मोजणी.

सातबारा हातात असला म्हणजे जमीन हातात आहे, असे आपण समजतो. सातबारा “किती” हे सांगतो. “कुठे” हे नकाशा सांगतो. कित्येक घरांत वडिलांच्या मागे सातबारावर पाच नावे चढलेली आहेत, काही ठिकाणी पाच वेगळे सातबारेही झालेले आहेत. पण नकाशात तो नंबर अजून एकसंधच आहे. सातबारा फुटला आणि नकाशा फुटला नाही. मग कोणाचे चौदा गुंठे रस्त्याकडेचे आणि कोणाचे ओहोळाकडचे, हे कागद सांगत नाही. जो गावात राहतो आणि कसतो, तोच ते ठरवतो.

एक उदाहरण फळ्यावर मांडतो तसे मांडतो. एक गृहस्थ वारले. आईवडील आधीच गेलेले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज वगैरे फेडून उरली एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. शरियतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा, पाच गुंठे. राहिले पस्तीस. मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात त्याचे पाच भाग. प्रत्येक मुलाला चौदा, मुलीला सात. पाच, चौदा, चौदा, सात: बेरीज चाळीस. कोठे अपूर्णांकसुद्धा येत नाही. सहावीतल्या मुलाला सुटेल असे हे गणित आहे. मग आपल्या गावांत ते वर्षानुवर्षे सुटत का नाही?

एक कारण कायद्याचे आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडता येत नाहीत. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केली. वरच्या उदाहरणात जमीन चार एकर असती तर आईला २०, मुलांना ५६-५६ आणि बहिणीला २८ गुंठे येऊन जिरायतीतही वाटप बसले असते. एक एकरात सात गुंठ्यांचा तुकडा वेगळा पडणे अवघड. तेव्हा कोणी किंमत घ्यावी, कोणी दुसऱ्या नंबरातली जमीन घ्यावी, असे जुळवावे लागते. अर्जाआधी हे चौकशी करून ठरवावे, नाहीतर फी जाते आणि काम अडते.

पण कायद्याचे कारण मी नाइलाजाने सांगितले. खरे कारण वेगळे आहे, आणि ते मला एका भगिनीने एका वाक्यात सांगितले. त्यांची दोन मुले आमच्या शाळेत आहेत. वडिलांच्या जमिनीत नाव लागलेले आहे, भाऊ चांगले आहेत, भांडण नाही. मी फीचा आकडा सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, पैसे मी भरीन हो. पण अर्जावर माझं नाव पहिलं गेलं, तर ईदला भाईजान माझ्या घरी येतील का?”

वाचकहो, या प्रश्नापुढे माझे दोन हजार आणि आठ हजार काहीच कामाचे राहिले नाहीत. मोजणीची फी शासनाने ठरवली आहे. पण बहिणीने मोजणी मागितली तर तिला आणखी एक रक्कम भरावी लागते, आणि ती रक्कम म्हणजे तिचे माहेर. ही रक्कम कोणत्याही चलनावर छापलेली नसते. म्हणून बहुतेक भगिनी अर्ज करीत नाहीत. त्या हक्कसोडपत्रावर सही करतात, आणि गावात त्यांचे कौतुक होते की, “बघा, बहीण किती समजूतदार!” माझा या कौतुकावर विश्वास नाही. हिस्सा हातात आल्यावर, तो कोणता आणि कोठे आहे हे पाहिल्यावर, तिने आनंदाने भावाला दिला तर ती तिची देणगी. जो कधी मोजलाच नाही तो तिने दिला असे कसे म्हणायचे? आपल्याकडे हिस्से ठरवून दिलेले आहेत, याचा आपण इतरांना अभिमानाने दाखला देतो. हिस्सा ठरलेला असणे आणि तो जमिनीवर दाखवता येणे, यांत एका मोजणीचे अंतर आहे.

भावांची बाजूही मांडली पाहिजे. वडिलांच्या आजारपणात खर्च कोणी केला, बहिणीच्या लग्नाचे कर्ज कोणी फेडले, कलमे कोणी लावली आणि वणव्यापासून कोणी वाचवली, हे हिशेब भावाच्या मनात असतात. ते खोटे नसतात. मात्र ते तोंडाने कधी बोलले जात नाहीत. जमीन अडवून ठेवणे हीच त्यांची भाषा होते. मोजणीच्या आधी एक बैठक घेऊन हे खर्च कागदावर मांडले, तर निम्मी अढी तिथेच सुटते, असे दोन-तीन घरांत मी पाहिले आहे.

आणि न मोजण्याचाही खर्च असतो. त्याच उदाहरणातला एक मुलगा पुढे वारला असे समजा. मागे त्याची आई, पत्नी, दोन मुलगे, दोन मुली. त्याच्या चौदा गुंठ्यांतला सहावा हिस्सा आईला, आठवा पत्नीला. उरलेल्याचे सहा भाग. मुलीच्या वाट्याला येतो एक गुंठा आणि दहा आणे. आता फळ्यावरचे गणितही सोपे राहिले नाही. वारसांपैकी एक कुवेतला, एक मुंब्र्याला, एकीचा पत्ताच जुना. प्रत्येकाला नोटीस, प्रत्येकाची सही. आजोबांच्या वेळी चार माणसांना एका खोलीत बसवून जे झाले असते, त्याला नातवंडांच्या वेळी वीस माणसे आणि एक वकील लागतो.

मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, तेव्हा रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंत किती घरांना याचा अनुभव आला! संपादनाचा मोबदला जाहीर झाला; ज्यांचे हिस्से नकाशात वेगळे होते त्यांना आपली किती जमीन गेली हे सांगता आले. ज्यांचा नंबर एकसंध होता, त्या घरांत प्रश्न उभा राहिला की रस्त्यात गेले ते गुंठे कोणाचे? मोबदल्याच्या वाटपावर वाद झाला, तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे ते प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे जाते, आणि पैसा तिथे थांबतो. बापाच्या जमिनीचा पैसा आला असूनही मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी सोने गहाण टाकावे लागले, अशी उदाहरणे या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींना ठाऊक आहेत.

मग करावे काय? अलीकडे काही गोष्टी स्वस्त झाल्या आहेत, त्यांचा फायदा घ्यावा. २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी शासनाने माफ केली. त्याच वर्षी, नोंदणीकृत वाटणीपत्राप्रमाणे एकत्र कुटुंबातील हिस्सेवाटपाची मोजणी पोटहिस्स्याला २०० रुपयांत करून देण्याचे ठरले. दोन हजारांऐवजी दोनशे. यात “एकत्र कुटुंब” असा शब्द आहे. आपल्या सातबारावर आपण सहधारक असतो, तेव्हा आपले वाटणीपत्र या सवलतीत बसते का, हे अर्ज करण्यापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, सर्व सहधारकांची संमती असेल तर वाटपासाठी तहसीलदारांकडेही जाता येते. त्याआधी वारस नोंद झालेली पाहिजे. ती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) कळवायची असते. आपण मात्र चाळिसाव्याचे जेवण वेळेवर घालतो आणि वारस नोंद तीस वर्षे विसरतो.

आखातात असलेल्या बंधूंसाठी दोन शब्द. तुमची रजा तीस-चाळीस दिवसांची, आणि नियमित मोजणी ९० दिवसांची. रजेत आल्यावर अर्ज केला तर मोजणीच्या तारखेला तुम्ही पुन्हा दमामला पोचलेले असता. म्हणून पुष्कळजण आठ हजारांची द्रुतगती भरतात. त्यापेक्षा रजेच्या तीन महिने आधी घरच्या माणसाकडून ऑनलाइन अर्ज करवावा. रजा पावसाळ्यात पडत असेल तर मोजणीचा विचारच करू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हद्दीचा दगडही दिसत नाही. दिवाळीनंतर ते मे हा खरा हंगाम. स्वतः येता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र रीतसर करून पाठवावे, आणि ते कोणत्या कामापुरते आहे हे त्यात लिहावे. मोजणीसाठी दिलेल्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन विकली गेल्याच्या कहाण्या आपण ऐकलेल्या आहेत.

आणि त्या भगिनीच्या प्रश्नाचे काय? मी त्यांना एवढेच सुचवले की, अर्जावर पहिले नाव आईचे घाला. आई हयात आहे, आठव्या हिश्श्याची मालकीण आहे. आईने अर्ज केला तर कोणत्या मुलाने रुसावे? त्या घरी गेल्या, आईशी बोलल्या. आईने दोन्ही मुलांना बोलावून सांगितले, “माझा वाटा मला माझ्या डोळ्यांनी बघायचा आहे, आणि माझा बघाल तेव्हा हिचाही बघा.” थोरला भाऊ पहिल्या दिवशी उठून गेला. धाकट्याने अर्ज भरला. मोजणीची तारीख अजून यायची आहे, त्यामुळे पुढचे मी सांगू शकत नाही. भाईजान या ईदला आले होते, जेवले, आणि जमिनीविषयी एक शब्दही बोलले नाहीत, असे त्या म्हणाल्या.

घरातले वडीलधारे हयात असताना, कोणाचे कोणाशी भांडण नसताना, हंगामात आणि सगळे गावात असतील अशा दिवशी मोजणी केली, तर खर्च सर्वांत कमी येतो. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत तो १०,२३० होता. त्यात ईदचा प्रश्न नव्हता.

संस्थेने परवानगी दिल्याने, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मी आणि आमचे एक सहकारी ग्रंथालयात मोजणीचे अर्ज भरून देण्यासाठी बसतो. यासाठी काहीही आकार नाही. येताना तीन महिन्यांच्या आतला सातबारा, असेल तर जुनी फाळणी किंवा “क” प्रत, आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची पूर्ण नावे व पत्ते घेऊन या. शेजारी मुंबईला असेल तर मुंबईचा पत्ता आणा. नोटीस गावच्या बंद घराच्या दाराला चिकटून राहिली तर पुढे तक्रारीला जागा राहते. सातबारावर बहिणींची नावे असतील, तर त्यांनाही सोबत आणा.